बायोचा कारभार कोणाचा?

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडी नावाचा जो सुपीक मुलूख आहे, त्यात समुद्रापासून पाचसहा मैल आत बायो नावाचे एक लहानसे शहर आहे. फ्रेंच लोक त्याच्या नावात जितकी अक्षरे लिहितात तितकी बोलताना उच्चारीत नाहीत. तेव्हा आपण त्याला बायोच म्हणू. १९४४ साली या शहराची वस्ती सुमारे सात हजार होती. म्हणजे आपल्याकडील त्या काळच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. मधोमध एक प्राचीन कॅथीड्रल, त्याच्या भोवती अरुंद दगडी रस्ते, शहरातून वाहणारी ओर नावाची छोटी नदी, आणि चहूकडे गाईगुरांनी भरलेली कुरणे. लोणी, चीज आणि सफरचंदाचे मद्य यांसाठी हा मुलूख प्रसिद्ध. अशा गावाचे नाव जगाच्या इतिहासात एकदा यावे हेच पुष्कळ झाले. बायोचे नाव दोनदा आले आहे.

पहिल्या वेळेची साक्ष एका कापडावर आहे. अकराव्या शतकातील, सुमारे सत्तर मीटर लांबीची, लिननवर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी भरलेली एक चित्रपट्टी या शहराने शतकानुशतके जपून ठेवली. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने १०६६ साली समुद्र ओलांडून इंग्लंड कसे जिंकले याची कथा तीत आहे. जहाजे, घोडे, मेजवान्या, आकाशातला धूमकेतू, आणि शेवटी रणांगणावर पडलेली प्रेते, असे सारे काही सुईने चितारलेले आहे. विल्यमचा सावत्र भाऊ ओडो हा बायोचा बिशप होता. त्याने ती करवून घेतली असे बहुतेक विद्वान मानतात. दुसऱ्या वेळी सैन्य याच समुद्रावरून आले, पण उलट दिशेने. आजचे माझे भाषण या दुसऱ्या वेळेविषयी आहे. मात्र लढाईविषयी मी थोडेच बोलणार आहे. लढाई बायोत जवळजवळ झालीच नाही. लढाईनंतरच्या आठ दिवसांत त्या गावात जो प्रश्न उभा राहिला तो माझा विषय आहे.

१९४४ च्या ६ जूनला दोस्त राष्ट्रांचे सुमारे दीड लाख सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. बायोच्या समोरचा जो किनारा, त्यास लष्करी संकेतात 'गोल्ड' असे नाव होते, आणि तेथे इंग्रजांची ५० वी डिव्हिजन उतरली. बायोचे संरक्षण करण्यासाठी जर्मनांनी जवळच एक राखीव तुकडी ठेविली होती. पण त्या रात्री पश्चिमेकडे छत्रीधारी सैनिक उतरल्याच्या बातम्या आल्या, आणि ही तुकडी पहाटे तिकडे धाडण्यात आली. त्या बातम्यांत काही खऱ्या होत्या, तर काही ठिकाणी नुसते कापडी बाहुलेच विमानांतून सोडलेले होते! तुकडीला परत बोलाविले तोवर दिवस वर आला होता, आणि उघड्या रस्त्यावर तिच्या डोक्यावर दोस्तांची विमाने घिरट्या घालीत होती. ६ तारखेच्या संध्याकाळी इंग्रजांची टेहळणी पथके शहराच्या वेशीपाशी पोहोचली. ७ तारखेस पायदळ आणि रणगाडे आत शिरले. मागे राहिलेल्या थोड्याशा जर्मनांनी किरकोळ प्रतिकार केला, इतकेच. चार वर्षांच्या पारतंत्र्यानंतर फ्रान्समधील एक नांदते शहर जसेच्या तसे, कौलांसकट आणि काचांसकट, मोकळे झाले. लोक दारांत आले, लपवून ठेवलेले तिरंगी ध्वज बाहेर निघाले, सैनिकांच्या हातांत फुले आणि पेले देण्यात आले.

हे भाग्य किती दुर्मीळ होते हे कळण्यास नकाशावर बोट थोडेसेच सरकवावे लागते. बायोपासून सुमारे १७ मैलांवर कां नावाचे मोठे शहर आहे. ते पहिल्याच दिवशी घ्यावयाचे असे इंग्रजांनी ठरविले होते. प्रत्यक्षात ते पुरते हाती येण्यास जुलैचा तिसरा आठवडा उजाडला, आणि तोपर्यंत त्याचा बहुतेक भाग दगडविटांचा ढीग झाला होता. नैर्ऋत्येस सँ-लो नावाचे जिल्ह्याचे ठाणे. ते अमेरिकनांनी जुलैत घेतले तेव्हा तेथे घेण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. नॉर्मंडीच्या या मोहिमेत सुमारे वीस हजार नागरिक मेले असे मानतात, आणि त्यांतले बहुतेक जण मुक्तिदात्यांच्याच बाँबांनी मेले. ही गोष्ट फ्रान्समध्ये पुष्कळ वर्षे हलक्या आवाजातच बोलली गेली. आपले घर ज्याने पाडले त्यालाच अंगणात येऊन आलिंगन देण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांच्या मनाचे वर्णन मुक्ततेच्या सोहळ्याच्या छायाचित्रांवरून करता येणार नाही.

बायो सुरक्षित राहिले म्हणून सारा भार बायोवर पडला. उद्ध्वस्त गावांतले निराश्रित तेथे आले, जखमींसाठी इस्पितळे तेथे उभी राहिली. किनाऱ्यावर रोज हजारो लष्करी मोटारी उतरत होत्या. त्या बायोच्या मध्ययुगीन गल्ल्यांतून जाणार कशा? तेव्हा इंग्रजांच्या एंजिनियर पथकांनी काही दिवसांतच गावाला वळसा घालून एक रस्ता तयार केला. तो वर्तुळाकार रस्ता अजून वापरात आहे. त्याच्याच कडेला आता इंग्रज सैनिकांची एक मोठी दफनभूमी आहे. साडेचार हजारांहून अधिक थडगी तेथे आहेत, आणि त्यांत काही शेकडा जर्मनांचीही आहेत. समोरच्या स्मारकावर एक लॅटिन वाक्य कोरलेले आहे. विल्यमने ज्यांना एके काळी जिंकले त्या आम्ही आता त्या विजेत्याची जन्मभूमी मुक्त केली आहे, असा त्याचा आशय. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पराभवाचा असा उल्लेख कोरून ठेवण्यास इंग्रजी स्वभावच हवा.

आणखी एक लहानशी गोष्ट सांगण्यासारखी आहे. जे सैनिक व बातमीदार बायोत आले त्यांना दुकानांत लोणी आणि चीज यांचे ढीग पाहून अचंबा वाटला. फ्रान्स उपाशी आहे असे त्यांनी ऐकले होते! खरी गोष्ट अशी की बाँबवर्षावाने आगगाड्या बंद पडल्यामुळे नॉर्मंडीचे लोणी पॅरिसला जाऊच शकत नव्हते. ते येथे साचले होते आणि पॅरिस उपाशी होते. एका गावाच्या बाजारावरून देशाची स्थिती ठरविणारे लोक तेव्हाही होते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. जर्मन गेले, बायोचा कारभार आता कोणी पाहावा? रस्त्यावर पोलीस कोणाच्या नावाने उभा राहील, कर कोणाच्या तिजोरीत जाईल, गावच्या प्रांताधिकाऱ्याची नेमणूक कोण करील? ज्याने सोडविले त्यानेच काही दिवस कारभार करावा, हे उत्तर वरवर पाहता सरळ वाटते. पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावयाचे ठरले की ओंजळ केव्हा आवळावी हे तो दुसराच ठरवितो.

याचा एक नमुना ताजा होता. १९४३ साली दोस्त सैन्य इटलीत उतरले तेव्हा जिंकलेल्या प्रदेशावर त्यांनी आपले लष्करी प्रशासन बसविले. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सांग्रो नदीच्या काठी आपल्या मराठा पलटणी मंटगमरी यांच्या आठव्या सैन्यातून लढल्या, त्या याच मोहिमेत. पण इटली शत्रुराष्ट्र होते. फ्रान्स मित्र होता की पराभूत, हेच वॉशिंग्टनमध्ये नक्की ठरत नव्हते. प्रेसिडेंट रूझवेल्ट यांचे म्हणणे असे की फ्रेंच लोकांनी मतदान करीपर्यंत त्यांचे सरकार कोणते हे आपण ठरवू नये, आणि तोपर्यंत सेनापती आयझेनहोवर यांनी सोयीप्रमाणे कोणाशीही व्यवहार करावा. हे तत्त्व म्हणून निर्दोष आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा होत होता की तोपर्यंत फ्रान्सला सरकारच नाही. व्हर्जिनियातील एका विद्यापीठात परमुलखाचा कारभार कसा चालवावा याचे शिक्षण अमेरिकन अधिकाऱ्यांना देण्यात येत होते, आणि साठ दिवसांत तयार झालेले प्रांतसाहेब म्हणून फ्रेंचांनी त्यांची थट्टा चालविली होती. या थट्टेत भीतीही होती.

या तत्त्वाच्या आड एक मनुष्य उभा होता, जनरल शार्ल द गोल. नभोवाणीच्या श्रोत्यांस या मनुष्याच्या कथेत विशेष रस वाटावा. कारण चार वर्षे तो आपल्या देशात केवळ ध्वनिरूपाने राहिला होता. १९४० च्या जून महिन्यात फ्रान्सचा पाडाव झाला तेव्हा हा सेनाधिकारी विमानाने लंडनला गेला आणि १८ जूनला बी. बी. सी. वरून आपल्या देशबांधवांना उद्देशून बोलला. ते भाषण त्या दिवशी फार थोड्यांनी ऐकले, आणि त्याचे ध्वनिमुद्रणही राहिलेले नाही. ज्याच्याजवळ सैन्य नाही, खजिना नाही, वीतभर भूमी नाही, असा हा मनुष्य 'फ्रान्स' या नावाने बोलत होता; आणि मायदेशातील पेताँ सरकारच्या लष्करी न्यायालयाने त्याला देहांताची शिक्षा ठोठावली होती. पुढे दररोज रात्री लंडनहून फ्रेंच भाषेत कार्यक्रम होऊ लागले. जर्मन अधिकारी ते ऐकण्यास मनाई करीत, कर्कश आवाज मिसळून ते बुजवीत. १९४४ च्या वसंत ऋतूत तर नॉर्मंडीच्या लोकांकडून रेडिओसंचच काढून घेण्यात आले. तरी दारे लावून, आवाज कमी करून लोक ऐकत राहिले. द गोल यांचा आवाज त्यांच्या परिचयाचा झाला. चेहरा मात्र बहुतेकांनी कधी पाहिला नव्हता.

१९४४ च्या जूनपर्यंत या आवाजामागे पुष्कळ काही जमले होते. आफ्रिकेतील वसाहती होत्या, सैन्य होते, अल्जिअर्स येथे एक समिती होती, आणि ३ जूनला त्या समितीने आपणांस फ्रेंच प्रजासत्ताकाचे हंगामी सरकार म्हणून जाहीर केले होते. पण दोस्तांनी त्यास मान्यता दिली नाही. आक्रमणाची वेळ द गोल यांना जवळजवळ आदल्या दिवशी सांगण्यात आली. त्या भेटीत, युरोप आणि अथांग समुद्र यांतून निवड करावयाची झाल्यास आपण समुद्रच निवडू, आणि द गोल व रूझवेल्ट यांतून निवड करावयाची झाल्यास रूझवेल्टच, असे चर्चिल यांनी सुनावल्याचे द गोल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. आयझेनहोवर यांच्या जाहीरनाम्यात फ्रेंच सरकारचा नामनिर्देशही नव्हता. सर्वांनी आपापल्या जागी काम करीत राहावे, एवढेच त्यात होते. त्याच्या पाठोपाठ आपण बोलणार नाही असा हट्ट द गोल यांनी धरला, आणि ६ जूनला संध्याकाळी ते स्वतंत्रपणे बोलले.

सैनिकांच्या खिशांत या वादाचा एक पुरावा होता. अमेरिकेत छापलेल्या फ्रँकच्या नोटा त्यांना देण्यात आल्या होत्या. मागील बाजूस फ्रान्सचा तिरंगी ध्वज होता. पण त्या कोणत्या सरकारच्या वतीने काढल्या हे कोठेच लिहिलेले नव्हते. द गोल यांनी त्यांना खोटे चलन म्हटले. नाणे पाडण्याचा हक्क हे राज्याचे लक्षण होय, हे शिवछत्रपतींनी होन आणि शिवराई पाडली त्या महाराष्ट्रास निराळे समजावून देण्याची गरज नाही. बायोच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी मात्र या वादात फारसे डोके घातले नाही. शंकास्पद नोट हाती आली की तिने कर भरून टाकावा, अशी युक्ती काहींनी काढली, असे सांगतात. तत्त्वाची भांडणे राजधान्यांत होतात. नोट चालेल की नाही ही चिंता बाजारात असते.

१३ जूनच्या रात्री 'काँबातां' या फ्रेंच विनाशिकेवर चढून द गोल इंग्लंडहून निघाले. चर्चिल यांनी या भेटीस मोठ्या नाखुषीने संमती दिली होती. पाहुणा येऊन जाईल, एवढीच अपेक्षा होती. १४ जूनला दुपारी ते किनाऱ्यावर उतरले. चार वर्षांपूर्वी याच तारखेस जर्मन पॅरिसमध्ये शिरले होते, आणि जहाजावर कोणी त्यांना याची आठवण करून दिली तेव्हा 'ती त्यांची चूक झाली' असे ते म्हणाले, अशी आख्यायिका आहे. प्रथम ते मंटगमरी यांच्या छावणीत गेले. तेथे शिष्टाचाराचे बोलणे झाले. निघता निघता, लोकांची व्यवस्था पाहण्यासाठी आपण आपल्या कूले नावाच्या अधिकाऱ्यास येथे मागे ठेवीत आहो, असे द गोल यांनी सहज बोलावे तसे सांगितले. युद्ध चालविण्यात गुंतलेल्या सेनापतीने तिकडे विशेष लक्ष दिले नाही. सारा कावा या एका वाक्यात होता. कारण कूले यांस मुक्त नॉर्मंडीचा प्रजासत्ताकाचा आयुक्त म्हणून नेमलेले होते.

बायोच्या वाटेवर त्यांना सायकलवरून चाललेले दोन पोलीस शिपाई भेटले. आपण कोण हे द गोल यांनी त्यांना सांगितले, आणि गावात पुढे जाऊन वर्दी द्या असे फर्माविले. शिपायांनी सलाम ठोकला, सायकली वळविल्या आणि ते निघाले. वर्दी पोहोचण्यास अवसर मिळावा म्हणून जनरलची मोटार मागे काही वेळ थांबली. मला या दिवसातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हाच वाटतो. ज्या सरकारला अमेरिका मानीत नव्हती, त्याचा हुकूम दोन शिपायांनी रस्त्यात मानला.

गावात शिरल्यावर द गोल पायी चालू लागले. सहा फुटांहून पुष्कळच उंच असा हा मनुष्य, भोवती मुले, बायका, म्हातारे. काही जण रडत होते, काही नुसते टक लावून पाहत होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हकिकतींत या स्वागताविषयी एकमत नाही; कोणास ते उत्कट वाटले, कोणास बेताचे. दोन्ही खरे असावे. गर्दीच्या जयजयकारावर मी स्वतः फार विसंबणार नाही. अवघ्या सात आठवड्यांपूर्वी पॅरिसमध्ये मार्शल पेताँ यांचेही मोठ्या गर्दीने स्वागत केले होते. प्रांताधिकाऱ्याच्या कचेरीत त्याच मार्शलची तसबीर अजून भिंतीवर होती. पाहुणे आले तेव्हा ती कोणाच्या तरी लक्षात आली आणि घाईघाईने उतरविण्यात आली. तो प्रांताधिकारी पेताँ सरकारचा नेमलेला. त्याने नव्या धन्यास आदराने नमस्कार केला आणि कारभाराची माहिती दिली.

मग चौकात सभा झाली. मॉरिस शुमान नावाचे गृहस्थ प्रथम पुढे झाले. चार वर्षांत ते लंडनच्या नभोवाणीवरून हजाराहून अधिक वेळा बोलले होते. तेव्हा तोंड उघडताच लोकांनी त्यांना आवाजावरून ओळखले. 'सन्मान आणि स्वदेश' हे आपल्या कार्यक्रमाचे परिचित शब्द उच्चारून त्यांनी द गोल यांना लोकांसमोर आणले. जे शब्द अंधारात, बंद खिडकीमागे ऐकावयाचे, ते भर दुपारी, उघड्या चौकात कानांवर आले. द गोल थोडेच बोलले. शत्रूचा पुरा पाडाव होईपर्यंत लढा चालू ठेवावयाचा आहे असे त्यांनी सांगितले, दोस्तांचा गौरव केला, आणि शेवटी सर्वांबरोबर राष्ट्रगीत म्हटले. दोन वर्षांनी, १९४६ च्या १६ जूनला, फ्रान्सची राज्यघटना कशी असावी याविषयीचे आपले प्रसिद्ध भाषण करण्यास त्यांनी पुन्हा बायोच निवडले. त्यातील कितीतरी कल्पना १९५८ च्या घटनेत उतरल्या. पूर्वजांच्या भूमीवर राज्यसंस्था पुन्हा प्रकट झाली ती येथेच, असे तेव्हा त्यांनी म्हटले.

बायोहून ते पश्चिमेस इझिन्यी नावाच्या गावी गेले. ते गाव बाँबांनी भाजून निघाले होते. लोक ढिगाऱ्यांतून वाट काढीत भेटावयास आले. संध्याकाळी द गोल परत जहाजावर चढले. मागे राहिले कूले आणि त्यांचे मोजके सहकारी. त्यांनी जुन्या प्रांताधिकाऱ्यास दूर केले आणि प्रतिकार चळवळीत काम केलेल्या रेमाँ त्रिबूले यांस त्या जागी बसविले. त्याच महिन्यात गावात एक स्वतंत्र वृत्तपत्रही निघू लागले. दोस्तांचे नागरी कारभाराचे अधिकारी आधीच येऊन बसले होते. या मंडळींना अटक करावी, तर लोक बिथरतील; मान्य करावे, तर हुकूम नाही. पण निराश्रितांना दूध हवे होते, रस्त्यावर शिस्त हवी होती, मजूर हवे होते. आणि हे सारे करून देणारा फ्रेंच मनुष्य समोर खुर्चीवर बसलेला होता. काम करणाऱ्याशी बोलावे लागते. तसे ते बोलू लागले, आणि लष्करी प्रशासनाची योजना बायोत, कोणी रद्द न करताच, संपली.

द गोल यांच्या या धोरणीपणाचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. फ्रान्सच्या भूमीवर त्यांचे काहीही नव्हते तेव्हा, १९४० साली, त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या प्रदेशांत आपल्याकडील पाँडिचेरी आणि चंद्रनगरही होते. आफ्रिकेतील काळ्या सैनिकांनी त्यांचे सैन्य भरले, आणि त्यांचे सरकार बसले होते ते अल्जीरियात. बायोच्या चौकात जो प्रश्न त्यांनी विचारला तोच अल्जीरियातील सेतीफ गावच्या लोकांनी १९४५ च्या ८ मे रोजी, जर्मनीच्या शरणागतीच्या दिवशी, आपला झेंडा हाती धरून विचारला. तेथे गोळीबार झाला, युरोपियनांचीही हत्या झाली, आणि नंतरच्या सूडसत्रात हजारो अल्जीरियन मारले गेले. त्या वेळी फ्रान्सच्या सरकारचे प्रमुख द गोलच होते.

इकडे बायोची चित्रपट्टी गावात नव्हती. युद्धात जर्मन विद्वानांनी तिचा अभ्यास मांडला होता, मग तिला दूरच्या एका वाड्यात हलविले, आणि १९४४ च्या जूनअखेर तिला पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात नेले. ऑगस्टमध्ये ती जर्मनीस नेण्याचा हुकूम सुटला होता. पण पॅरिसमध्ये उठाव झालेला असल्याने तो अमलात आला नाही. १९४५ साली ती बायोस परत आली.

पॅरिस मुक्त झाले ते २५ ऑगस्टला. अमेरिकेने जुलैत कारभारापुरता द गोल यांच्या सरकारशी व्यवहार करण्याचे कबूल केले होते. पण रीतसर मान्यता अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी दिली ती १९४४ च्या २३ ऑक्टोबरला. त्या दिवशी बायोच्या कचेरीत त्रिबूले यांना प्रांताधिकारी म्हणून काम करू लागून चार महिने होऊन गेले होते.